सोनचाफ्याचं भेटकलम

ही गोष्ट फार जुन्या काळची. इतक्या जुन्या काळची, की माणसं तेव्हा वाट कोसांनी न मोजता मुक्कामांनी मोजत. लहानांनी ती झाडाची गोष्ट म्हणून ऐकावी. मोठ्यांनी कशी ऐकावी ते मी सांगत नाही, त्यांचं त्यांना कळेल.

एका राज्यात एक उंच पठार होतं. खाली कातळ, वर वारा. त्या पठारावरच्या एका गावात एका म्हाताऱ्याला एकुलती एक मुलगी होती. म्हाताऱ्याची नजर अधू होत चालली, तेव्हा त्याने मुलीसाठी घरजावई शोधला. तो मिळाला चार मुक्काम खाली, खाडीच्या काठी.

जावई अबोल होता आणि कष्टाळू होता. गावाने त्याला फार मान दिला. पंगतीत पहिला पाट त्याचा. "या जावईबापू, बसा जावईबापू," असं सगळे म्हणत. पण तीन वर्षं झाली तरी कोणी त्याला नावाने हाक मारली नाही, की कोणी त्याच्याशी भांडलं नाही. असा मान पाहुण्याला बरा वाटतो. रोज राहणाऱ्याला तो टोचतो.

गावच्या सुना पाणवठ्यावर बसून माहेरच्या आठवणी काढत. रडत, मग एकमेकींना चिडवून हसत, आणि हलक्या होऊन घरी जात. जावयाला तसं करता येत नसे. घर सोडून आलेल्या बाईला माहेर असतं. घर सोडून आलेल्या पुरुषाला काय असतं, त्यासाठी त्या राज्याच्या बोलीत शब्दच नव्हता.

शब्द नव्हता, पण एक झाड होतं. त्याच्या घरामागे, अगदी खाडीच्या काठावर, त्याच्या आईने लावलेला सोनचाफा होता. त्याची फुलं पिकल्या आंब्याच्या रंगाची. आई रोज त्यातलं एक फूल तांदळाच्या मडक्यात टाकून ठेवी. आई आता नव्हती. झाड होतं.

एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, त्या झाडाखाली रोपं उगवत असतील ना? आणा एक. इथे लावू."

तो आनंदाने गेला आणि एक रोप घेऊन आला. बाहेर वारा फार, म्हणून त्याने ते कुंडीत लावून माजघरात ठेवलं. आणि मग तो त्याला पाणी घालू लागला. पहाटे उठला की पाणी. शेतावरून आला की पाणी. जेवून उठला की पाणी.

"सकाळपासून चौथ्यांदा घालताय," बायको म्हणाली. "ताप आलाय का त्याला?"

महिन्याभरात रोपाची पानं पिवळी पडली, मग काळी पडली, आणि रोप गेलं.

शेजारच्या गावात राजाची फुलबाग होती. ती सांभाळणारी माळीण फार म्हातारी होती आणि तिची जीभ फार तिखट होती. जावई मेलेलं रोप कुंडीसकट तिच्याकडे घेऊन गेला. तिने मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं आणि हुंगलं.

"मुळं सडली. पाणी कधी घालायचास?"

"आठवण आली की घालायचो, आजी."

"मग ते तू रोपाला नाही घातलंस, आठवणीला घातलंस. रोपाची तहान बोटाने बघायची असते. बोटभर खाली माती कोरडी लागली तर पाणी, नाहीतर हात मागे. आणि चाफा माजघरात ठेवलास? तो काय लोणच्याचा माठ आहे?"

जावई मान खाली घालून परत आला. पण ओढ काही कमी झाली नाही.

पुढच्या वर्षी तो पुन्हा खाडीकाठी गेला. या वेळी त्याने रोपासोबत आपल्या घरामागची माती आणली, कावड भरून. अंगणात मोठी कुंडी ठेवली आणि तीत फक्त तीच माती भरली. रोप ऊन खात होतं, पाणी बेताने मिळत होतं. पावसाळा गेला, थंडी गेली, रोप हातभर झालं.

फाल्गुनात ऊन तापलं. खाडीकाठची ती माती वाळूची. तिकडच्या दमट हवेत ती ओल धरून राही. इथे सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जाई.

बायको म्हणाली, "आपल्या मळ्यातली काळी माती घालू का थोडी? जरा शेणखतही मिसळू."

"नको."

"का हो? आमची माती वाईट आहे का?"

तो कुंडीतली वाळू हाताने सारखी करू लागला. ती उठून आत निघून गेली. चैत्र संपायच्या आत रोप उभ्याउभ्या वाळलं.

त्याच सुमाराला खाडीकडून मीठवाल्यांचे बैल पठारावर आले. त्यांच्यातला एक जण जावयाला ओळखत होता. तो म्हणाला, "तुमच्या वहिनीने निरोप दिलाय. दर उधाणाला खाडी तुमचा काठ खातेय. त्या घर वरच्या आळीत हलवणार आहेत. घराचं एक ठीक आहे, पण तुमचा चाफा पार कडेवर आलाय. फार तर एखादं वर्ष."

जावई तसाच उठला आणि माळिणीकडे गेला. तिच्यासमोर मटकन बसला.

"काय झालं, ते तर सांग," माळीण म्हणाली.

"आजी, झाड जाणार. ते गेलं की तिकडचं माझं काहीच उरत नाही. दोन रोपं आणली, दोन्ही मारली मी. आता काय करू?"

म्हातारीची जीभ त्या दिवशी तिखट झाली नाही. ती म्हणाली, "तू रोप आणत होतास. फांदी आण."

मग तिने त्याला बागेच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे कुंड्यांच्या रांगा होत्या. पठारावरच्या देवळापाशी एक जुना चाफा होता, त्याच्या बियांची ती रोपं.

जावयाचं तोंड उतरलं. "इथल्या चाफ्याचं फूल फिकं असतं, आजी. वासही बेताचा."

"फूल तुझ्या आईच्या झाडाचंच येईल. मुळं तेवढी इथली. त्यांना इथला वारा सोसतो, कातळ सोसतो. एक निवड, आणि माघापर्यंत इथेच माझ्या नजरेखाली वाढव."

त्याने सगळ्यात उंच, सगळ्यात हिरवंगार रोप उचललं. म्हातारी हसली.

"ते भिंतीच्या सावलीत वाढलंय. नुसती लांबी आहे, अंगात बळ नाही. ते बुटकं घे. वाऱ्याने वाकलंय बघ, पण खोड किती घट्ट आहे."

माघ लागायच्या आधी त्या बुटक्या रोपाचं खोड करंगळीएवढं जाड झालं. मग माळिणीने त्याला सगळं समजावून सांगितलं. झाडाची तेवढ्याच जाडीची फांदी निवडायची. फांदीची साल थोडी तासायची, रोपाची साल थोडी तासायची. दोन्ही ओल्या जखमा एकमेकींवर टेकवायच्या, केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधायच्या, वरून शेणमातीचा लेप द्यायचा. कुंडी फांदीपर्यंत पोहोचावी म्हणून माच बांधून त्यावर ठेवायची आणि तिला रोज पाणी घालायचं.

"याला भेटकलम म्हणतात," माळीण म्हणाली.

"भेट," जावई म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

माळीण पुढे सांगतच होती. "अडीच महिन्यांनी झाडाकडून येणारी फांदी अर्धी काप. आठ दिवस थांब. मग उरलेली काप. रोपाचा स्वतःचा शेंडाही वरून काढून टाक. ऐकतोयस ना?"

"हो, हो, आजी."

पण त्याचे कान त्या पहिल्या शब्दापाशीच राहिले होते.

कुंडी पाठीवर बांधून तो चार मुक्काम चालला आणि खाडीकाठच्या घरी पोहोचला. चाफा खरंच कडेवर आला होता. एका बाजूची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. त्याने बांबूचा माच बांधला, वर कुंडी ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे फांदीला रोप बांधलं. हे काम त्याने फार नीट केलं. तो रोज बोट घालून माती बघे आणि मगच पाणी घाली.

घरी त्याला नावाने हाक मारणारी माणसं होती. वहिनी तर भांडतही असे. "भावजी, पाय धुवून या आत! पठारावर गेलात आणि चिखलाची रीत विसरलात की काय?" असं ती ओरडली की त्याला बरं वाटे. संध्याकाळी माचावर बसून तो खाडीकडे बघे. डोक्यावर फुलं असत. इतक्या वर्षांनी त्याच्या छातीत रुतून बसलेला खडा विरघळला होता.

अडीच महिने झाले. लेप फोडून पाहिलं, तर सांधा भरून आला होता. कुठे फांदी संपते आणि कुठे रोप सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"जुळलं की हो," वहिनी म्हणाली. "आता कापा."

"आज अमावस्या आहे."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं.

"आज वारा फार आहे."

आठ दिवसांनी पुन्हा.

"आता त्या फांदीला कळ्या आल्यात, वहिनी. फुलून जाऊ देत."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भावजी, कलम कधीच जुळलं. आता ते निघायला तयार आहे. तयार कोण नाही, ते मला दिसतंय."

वैशाखात मीठवाले परत आले. त्यांच्याकडे पठारावरचा निरोप होता. मीठवाला हसत हसत म्हणाला, "तुमच्या घरून विचारलंय, कलम जुळलं असेल तर कलम पाठवा. नवरा जुळला असेल तर तोही पाठवा."

सगळे हसले. तोही हसला. पण निरोपाखालचं वाट बघणं त्याला ऐकू आलं. त्या दुपारी तो सुरी घेऊन माचावर चढला. फांदीवर सुरी टेकवली. ही फांदी कापली की आपण निघायचं. निघालो की हे घर, ही हाक, हा वास, सगळं मागे. त्यात कापायची ती साल आईच्या झाडाची. त्याने सुरी काढून घेतली. तो खाली उतरला.

एक गोष्ट त्याने पाहिली होती, पण मनावर घेतली नव्हती. झाडाच्या पानांच्या कडा करपू लागल्या होत्या. उन्हाने असेल, असं तो स्वतःला सांगत होता. तो झाडाच्या बुंध्याशी घागरी घागरी गोडं पाणी ओतत होता.

ज्येष्ठातल्या अमावस्येला भर दुपारी मोठं उधाण आलं. वरच्या आळीतून वहिनी ओरडत आली, "भावजी, काठ सुटला!"

तो धावला. माच हलत होता. झाड हळूहळू कलत होतं, आणि मुळं तुटल्याचे आवाज येत होते. त्याने वर चढून एकाच घावात फांदी तोडली, कुंडी छातीशी धरली आणि मागे उडी घेतली. चाफा कोसळला नाही. म्हातारं माणूस अंथरुणावर आडवं व्हावं, तसा तो पाण्यात आडवा झाला. मग भरतीने त्याला उचललं आणि नेलं. बराच वेळ पाण्यावर पिवळी फुलं दिसत राहिली.

रोपाचा शेंडा छाटून जावई त्याच दिवशी निघाला. पहिल्या मुक्कामाला फांदीची पानं मलूल झाली. दुसऱ्या मुक्कामाला ती गळू लागली. तो कुंडीला सावली करत चालला, वेळच्या वेळी पाणी दिलं, कुठे हयगय केली नाही. चौथ्या दिवशी तो अंगणात शिरला तेव्हा फांदीवर एकच पान होतं.

बायकोने माळिणीला बोलावलं. म्हातारी काठी टेकत आली. तिने नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं.

"कधी कापलंस?"

"चार दिवस झाले."

"अर्धी कापून थांबला होतास?"

"नाही."

"आणि ज्येष्ठापर्यंत काय करत होतास?"

 म्हातारीने ते उरलेलं पान तोडून जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली. "तुझं झाड कितीतरी दिवसांपासून खारं पाणी पीत होतं, आणि ही फांदी त्याच्याच तोंडाने पीत होती. शेजारी कुंडीत गोडं पाणी होतं, पण ते प्यायची वेळच तू तिच्यावर आणली नाहीस. चैत्रात अर्धी कापली असतीस, तर आठ दिवसांत शिकली असती."

"मी तिला आईपासून तोडू शकलो नाही, आजी."

माळीण त्याच्याजवळ खाली बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लेका, मी तुला दोन शब्द दिले होते. तू एकच घेऊन गेलास. भेट ऐकलंस. पुढचा शब्द कलम होता. कलम म्हणजे काय? कापणं. कापल्याशिवाय ती नुसती भेट असते, आणि नुसती भेट घरी नेता येत नाही."

पुढच्या पंधरा दिवसांत फांदी शेंड्यापासून खाली वाळत आली. सांध्यापाशी येऊन थांबली. आणि सांध्याच्या खाली, त्या बुटक्या रोपाच्या अंगावर, एक हिरवा डोळा फुटला.

माळीण म्हणाली, "हा इथला आहे. एरवी कलमाखाली फुटलेलं असं आम्ही खुडून टाकतो. तू सांग. खुडू?"

बायको दारात उभी होती. 

जावयाने त्या कोंबाभोवती हाताची ओंजळ धरली. "राहू दे, आजी."

मग त्याने अंगणात खड्डा खणला. "काळी माती आण," तो बायकोला म्हणाला. तिने टोपली आणली. "अजून एक," तो म्हणाला. ती दुसरी टोपली आणायला गेली, आणि मळ्यातून परत यायला तिला जरा वेळ लागला. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि टोपली शिगोशीग भरलेली होती.

ते रोप मोठं झालं. बरीच वर्षं लागली, पण त्याला फुलं आली. फिकी, बेताच्या वासाची. ती फुलू लागली की जावई एक फूल तोडी, डोळे मिटून हुंगी, आणि हलकेच ओट्यावर ठेवून देई. त्याला हवं होतं ते त्यात नसे. दरवर्षी तो हुंगून बघे आणि दरवर्षी ते नसे. पण तो झाडावर कधी रुसला नाही. खत घालताना, आळं करताना त्याने हात राखला नाही.

माळीण गेली, पण जाण्याआधी तिने आपली सुरी त्याला दिली. पठारावरची माणसं कलम करायला त्याला बोलावू लागली. त्याच्या हातचं भेटकलम कधी वाया गेलं नाही. लोक म्हणत, याच्या हाताला गुण आहे. खरं म्हणजे हात इतरांसारखाच होता. तो फक्त दिवस चुकवत नसे.

एकदा गावातल्या एका मुलीचं लग्न ठरलं. सासर सहा मुक्कामांवर. तिच्या परसात आंब्याचं झाड होतं. लहानपणापासून ती त्याच्याच खाली वाढलेली. तिच्यासाठी त्याने त्या आंब्याचं कलम बांधलं. अडीच महिन्यांनी अर्धी फांदी कापली. आठ दिवस झाले आणि तो सुरी घेऊन आला.

मुलगी फांदीशी उभी होती. "काका, लग्नाला अजून महिना आहे. तोपर्यंत राहू द्या ना. आईला बिलगून आहे ते. बघा, किती बरं दिसतंय."

तो त्या फांदीकडे पुष्कळ वेळ बघत राहिला. मुलीला वाटलं, काका हो म्हणणार. मग त्याने सुरी धोतराला पुसली, तिच्या हातात दिली, आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"आज," तो म्हणाला.

फांदी सुटली. झाड जरासं हललं आणि स्थिर झालं. मुलीने कुंडी कडेवर घेतली आणि ती रडत रडत, पण नीट धरून, घरात गेली. महिनाभर ते कलम तिच्या ओसरीवर आपल्या मुळांनी पाणी प्यायला शिकलं, आणि मग तिच्याबरोबर सासरी गेलं. त्या आंब्याची फळं पुढे सहा मुक्काम लांबच्या मुलांनी खाल्ली.

तात्पर्य : जे जपून सोबत न्यायचं आहे, ते वेळेवर तोडून घ्यावं लागतं.